पिस्तुलाची फ्रेम वेल्डरकडे नेऊ नका
पिस्तुलाच्या फ्रेमवर (मुख्य सांगाड्यावर) स्लाइड-स्टॉपच्या, म्हणजे वरचा सरकता भाग मागे अडवून धरणाऱ्या खटक्याच्या, भोकापाशी केसाएवढी चीर आहे आणि इंदूरच्या सांवेर रोडवरचा वेल्डर आर्गन वेल्डिंग करून देतो म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबा! फ्रेम ७०७५ ॲल्युमिनियमची (जस्त मिसळलेल्या मजबूत मिश्रधातूची) असेल, तर वेल्डिंगचा टाका थंड होता होताच शेजारी नवी चीर पडते, आणि आजूबाजूची टी-६ची, म्हणजे उष्णता-प्रक्रियेने आणलेली, ताकद उतरते ती वेगळीच. स्टीलची फ्रेम टिगने (म्हणजे अशाच आर्गन वेल्डिंगने) जमू शकते, पण तेही जाणकार गनस्मिथकडूनच. मी एकदा अशाच चिरेवर चिरेत शिरणारा लाल डाय लावून पुसला, आत उरलेला डाय वर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. डोळ्यांना दिसत होती त्याच्या दुप्पट लांब रेघ उमटली. पोटात गोळाच आला. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. फ्रेम बदलण्याबद्दल आधी कंपनीला विचारा.