मदत हवी आहे: १६ फुटी शिडाच्या होडीला कोणती इलेक्ट्रिक आउटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायची मोटर)?

होडी फायबरची, सेंटरबोर्डवाली (मधोमध पाण्यात सोडायची फळी असलेली), माणसांसकट साधारण ४५० किलो. मांडव्याच्या बाजूला नांगरलेली असते, पावसाळ्यात किनाऱ्यावर. मोटर लागते ती नांगरापासून बाहेर पडायला आणि वारा पडला की परतायला, फार तर तासभर. वेग नको, पण उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या) ओहोटीला दोन नॉटची (ताशी पावणेचार किमीची) ओढ सहज असते, तिच्याविरुद्ध पुढे सरकायला हवं.

मित्राची १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराची ट्रोलिंग मोटर (मासेमारीच्या होडीची छोटी इलेक्ट्रिक मोटर) लावून पाहिली. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीला) ठीक, उधाणाला जागच्या जागी. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीच्या वजनाने मागची बाजू दबते. पेट्रोलचं २.५ एचपी सुचवू नका. आवाज आणि वास दोन्ही नकोत, म्हणून तर ही खटपट.

आता टॉर्कीडो ट्रॅव्हल ११०३ (बॅटरी ९१५ वॉट-तास) आणि ईप्रोपल्शन स्पिरिट १.० प्लस (बॅटरी १२७६ वॉट-तास) या दोन मोटरींत अडकलोय. दोन्हींची बॅटरी सुटी होते, हे महत्त्वाचं, कारण जेट्टीवर चार्जिंग नाही. परदेशातून कुणाबरोबर मागवता येत नाही: १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामानात चालत नाही.

मागची फळी पाण्यापासून ४० सेंमी उंच आहे. लाटेत पंखा उघडा पडू नये म्हणून ७५ सेंमीचा शाफ्ट (मोटरीचा पाण्यात जाणारा दांडा) घ्यावा, की ६२.५ पुरेल? आणि खाऱ्या पाण्यात दोन-तीन मोसम वापरलेल्यांनो, यांपैकी कुठल्या मोटरचे सुटे भाग आणि दुरुस्ती मुंबईत खरोखर मिळते?