कॉम्प्रेसरच्या नळीचा जॉइंट सारखा तडकतोय, कुठली रॉड वापरू?

फ्रिजवाला_सांगली: नमस्कार मंडळी. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बदलला. बाकी जॉइंट पक्के, पण सक्शनच्या (कॉम्प्रेसरमध्ये गॅस ओढून घेणाऱ्या) नळीवरचा जॉइंट चार दिवस टिकतो आणि परत लीक. साबणाचं पाणी लावलं की तिथेच बुडबुडे. जॉइंटवर वितळवायची रॉड दोन टक्के सिल्व्हरची (चांदीची), फ्लक्स (तापवताना धातू काळा पडू न देणारा मसाला) लावत नाही. 15 टक्केवाली आणू का?

मिरजेचे_काका: आधी कॉम्प्रेसरच्या नळीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर वर तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड. तुमची रॉड फॉस-कॉपरची, म्हणजे तांबं आणि फॉस्फरसच्या मिश्रणाची. तिच्यातला फॉस्फरस तांब्यावर फ्लक्सचं काम करतो, म्हणून तांब्याला तांबं जोडताना वेगळा फ्लक्स लागत नाही. लोखंडावर मात्र त्याच फॉस्फरसमुळे लोह फॉस्फाइडचा ठिसूळ थर बनतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीनं तडकतो. 15 टक्केवालीतही फॉस्फरस असतोच, तिच्यावर पैसे घालू नका.

45 टक्के सिल्व्हरची घ्या: बाकी 30 तांबं, 25 जस्त, फॉस्फरस नाही. महाग आहे, पण जॉइंटला लागते किती? दुकानात ‘कॅडमियम-फ्री’ म्हणूनच मागा, कॅडमियमचा धूर छातीत गेला तर जिवावर बेततं. जुन्या रॉडचा माल नळीवर उरला तर नवीन रॉडही टिकणार नाही, म्हणून नळीचा तेवढा तुकडा कापून टाका. पॉलिश पेपर मारून फ्लक्स पेस्ट लावा. ज्योत नळीवर फिरवा, रॉडवर नाही. फ्लक्स आधी पांढरा फुगतो, मग 600 अंशांच्या आसपास पाण्यासारखा नितळ होतो. त्यानंतर थोडी आच देऊन रॉड टेकवा, नळीच्या उष्णतेनंच वितळली पाहिजे.

गॅरेज_इस्लामपूर: काका, पेस्टऐवजी टाकणखार चालेल?

मिरजेचे_काका: पितळी रॉडला चालतो, इथे नको. टाकणखार स्वतःच 740 अंशांच्या पुढे वितळतो आणि ही रॉडही तिथेच वितळते. तोवर लोखंड काळं पडलेलं असतं, त्यावर रॉड पसरत नाही.

फ्रिजवाला_सांगली: चुंबक चिकटला काका! उद्याच रॉड आणतो.

मिरजेचे_काका: आणा. जॉइंट जरा निवला की गरम पाणी आणि तारेच्या ब्रशनं फ्लक्स पूर्ण काढा, मगच प्रेशर द्या. वाळलेला फ्लक्स बारीक भोक बुजवतो, टेस्टला जॉइंट पास दिसतो आणि लीक गिऱ्हाइकाच्या घरी उघडा पडतो.