मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोज ११ साठी कोणतं लायसन्स घ्यावं?

नमस्कार मंडळी. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज १० चालवतो, तेही फक्त एका जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून आता ११ टाकायचंय.

आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवली. विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० ची (सुरक्षेच्या चिपची) अटही व्हर्च्युअलबॉक्स ७ मधल्या व्हर्च्युअल टीपीएममुळे सुटली. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क दिली आहे. घोडं अडलंय ते लायसन्सपाशी.

लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज ओईएम (यंत्रासोबतच विकलं जाणारं) आहे. ते त्या यंत्रालाच बांधलेलं असतं, म्हणजे व्हीएमसाठी वेगळं लायसन्स लागणार, एवढं कळलं. रिटेल (सुटं विकत मिळणारं) घेतलं तर पुढे लॅपटॉप बदलल्यावर व्हीएमची फाइल नुसती उचलून नव्या यंत्रावर ठेवली की चालेल, की हार्डवेअर बदललं म्हणून अ‍ॅक्टिव्हेशन उडेल? तसं होऊ नये म्हणून व्हीएमचा यूयूआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) जपून ठेवणं पुरतं का? कुणी प्रत्यक्ष केलंय?

एंटरप्राइजची (कंपन्यांसाठीच्या विंडोजची) ९० दिवसांची चाचणी आवृत्ती माहीत आहे, पण रोजच्या कामाला ती कशी पुरणार! आणि कवडीमोल भावातल्या 'की' (लायसन्सचे कोड) कृपया सुचवू नका, त्या वाटेला जायचं नाही.