मदत हवी आहे : फेरिटिन पुरेसे असूनही हिमोग्लोबिन वाढत नाही, एचबीए२ ३.४ टक्के

नमस्कार. मी २९ वर्षांची असून फोंड्याला राहते. माझे हिमोग्लोबिन १०.८ आहे, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) केवळ ६५ आहे, आणि तरीही तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख, म्हणजे कमी नसून उलट जास्तच आहे. लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग समजून डॉक्टरांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या मी चहापासून दूर ठेवून, एकही दिवस न चुकवता घेतल्या (सासूबाईंच्या आग्रहाने नाचण्याचे तिजणही रोज सुरू होते), परंतु आकडे जवळजवळ तसेच राहिले.

त्यानंतर केलेल्या तपासणीत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ६२ आले, आणि थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक विकाराचा) अंश आहे का हे पाहण्यासाठी केलेल्या एचपीएलसीमध्ये (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) एचबीए२, म्हणजे असा अंश असल्यास सहसा वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार, ३.४ टक्के आले. अहवालावर फक्त 'सीमारेषेवर' एवढाच शेरा आहे, जो मला तरी निरुपयोगी वाटतो. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खाली येऊ शकतो हे मी जाणते, पण फेरिटिन पाहता ते कारण येथे पटत नाही. बी१२ तपासलेले नाही. अतिरक्तस्राव, ताप किंवा अन्य आजार नाही.

आम्ही अपत्याचा विचार करत आहोत आणि यजमानांची तपासणी अजून झालेली नाही, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही. रक्तविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या महिन्यातली आहे. तोपर्यंत यजमानांची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) व एचपीएलसी आधी करून घ्यावी, की माझीच जनुकीय चाचणी करावी, आणि ती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात होते की नमुना गोव्याबाहेर पाठवावा लागतो?