भजनाला ऑटोट्यून कशाला? ‘कच्चा आवाज कोण ऐकतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठ
परवा इथं एकानं लिहिलं, “मराठवाड्यातली भजनी मंडळं यूट्यूबवर बेसूर गातात. ऑटोट्यून, क्वांटाइझ आणि नॉईज रिडक्शन लावल्याशिवाय एकही फाईल वर टाकू नये. कच्चा आवाज आज कोणी ऐकत नाही.” (ऑटोट्यून सूर आपोआप सरकवतं, क्वांटाइझ ठोके ठरलेल्या लयीवर बसवतं, नॉईज रिडक्शन गोंगाट काढतं.) खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवेना. म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. आमच्या गंगाखेडच्या मंडळाचं रेकॉर्डिंग मीच करतो, रीपर या सॉफ्टवेअरवर. मध्येच आलेला खोकला कापतो, दोन टेक जोडतो, जोडावर क्रॉसफेड देतो, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढवतो, नाहीतर तिथं ‘टक्’ ऐकू येतं. इन्व्हर्टरची 50 हर्ट्झची घूं काढतो, 100 आणि 150 लाही हात लावतो. ही साफसफाई झाली. गळ्यातून जे निघालं ते नीट ऐकू यावं एवढाच तिचा हेतू. जे गळ्यातून निघालंच नाही ते पडद्यावर ओढून बसवणं ही साफसफाई नव्हे.

ऑटोट्यून बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी जमिनीखालच्या ध्वनितरंगांचं गणित करायचे. तेच गणित 1997 मध्ये त्यांनी गळ्याला लावलं. माणूस हुशार, वाद नाही. पण ते यंत्र सूर ओळखून जवळच्या ठरलेल्या स्वरावर नेऊन ठेवतं. रीट्यून स्पीड, म्हणजे सूर सरकवायला लागणारा वेळ, शून्यावर केला की तत्काळ. आमचे बुवा पंचमावरून घसरत गंधारावर येतात, ती मींड शून्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते. कोमल गंधारावरचं आंदोलन यंत्राला थरथर वाटतं आणि ते सपाट करून टाकतं. आणखी ऐका. तंबोऱ्याशी जुळवून लावलेला शुद्ध गंधार षड्जापासून 386 सेंटवर येतो (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट). सॉफ्टवेअरला हवा 400 वर. म्हणजे जो खरा सुरात गातो त्यालाच ते 14 सेंट वर ढकलतं. मग बेसूर कोण?

लातूर_साऊंड
वाचायला छान आहे दादा. आता माझी बाजू ऐका. माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनी मंडळं येतात, तुळजापूरची आराधी गाणी म्हणणाऱ्या बाया येतात, गोंधळी येतात. मंडळ म्हणजे दहा-बारा माणसं, पैसे दोन तासांचे, गायचं सगळ्यांना एकत्रच. हेडफोन घाला म्हटलं तर बुवा रागावतात. टाळवाले माइकच्या पुढ्यात उभे. टाळांच्या आवाजात गाणाऱ्याला पेटीच ऐकू येईना, म्हणून सूर चढत जातो. दुसऱ्या अभंगापर्यंत अर्धी श्रुती वर. तो मी खाली आणला तर गुन्हा झाला?

आणि शून्यावर लावतो कोण? ज्याला काम येत नाही तो. मी ऑटोमॅटिक वापरतच नाही. मेलोडाइन या सूर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर उघडतो, जिथं सूर सुटलाय तेवढाच सरकवतो, मींडेला हात लावत नाही. तुम्ही वाईट कारागिराचं काम दाखवून हत्यारालाच नावं ठेवायलात.

धुमाळी
मी पखवाज वाजवतो. सुरावर भांडा तुम्ही, मला लयीवर बोलायचंय. मोठ्या शहरातल्या एका स्टुडिओत आम्हाला बोलावलं होतं. कानात क्लिक लावून वाजवा म्हणाले. आम्ही वाजवलं नाही, तर नंतर त्यांनी ग्रिडवर ओढलं. गजर सुरू होतो तेव्हा ठाय असतो, मग टाळकरी तापतात, लय चढते, शेवटी तर पाय जमिनीवर ठरत नाहीत. ती चढण कुणी ठरवत नसतं, वीणेकऱ्याच्या मानेकडं बघून आम्हाला कळतं. त्यांनी सगळं एका बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ठरलेल्या ठोक्यांवर आणलं. वरून विचारलं, आता कसं एकदम टाइट वाटतंय ना? भजन आहे ते, बँड नाही.

आणि एक. आमच्याकडं पन्नास वर्षं वाजवणारे लोक असताना दर वेळी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत जाऊन त्यांच्याकडून लय का शिकायची? अनुदानं तिकडं, महोत्सव तिकडं, आणि आमच्याच माणसाला ‘रॉ टॅलेंट’ म्हणून पाठीवर थाप.

नळदुर्गकर
पुण्या-मुंबईचा इथं काय संबंध? विषय सॉफ्टवेअरचा चाललाय. मला ती पोस्ट शंभर टक्के पटलेली आहे. आमच्या पिढीला मोबाईलच्या स्पीकरवर ऐकायचंय. एसटीत, शेतात, ट्रॅक्टरवर. पखवाजाचा धुमा तिथं ऐकूच येत नाही, नुसता टाळांचा किचकिचाट. कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), ईक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणारा) लावून आवाज पुढं आणला तर पोरं ऐकतील तरी. नाहीतर कच्चा ठेवा आणि तुम्ही चौघं ऐकत बसा.

गोदाकाठ
नळदुर्गकर, कॉम्प्रेसरला मी नाही म्हटलंच नाही. पण हलगीवर दोन मिलिसेकंदांचा अटॅक लावला, म्हणजे इतक्या लवकर तो दाबायला लागला, की काडीचा कडका जातो आणि डबा वाजवल्यासारखं होतं. अटॅक वीस-तीसवर ठेवा, कडका निसटू द्या, मग मागचा आवाज आवरा. आणि आवाज मोठा करायच्या हव्यासाला काही अर्थ नाही. साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) वर गेलं की यूट्यूब स्वतःच खाली आणतं. लिमिटरनं चेपून चेपून मोठं केलेलं भजन तिथं खाली येतं, चेपलेलं मात्र तसंच राहतं.

काळीचार
एक मिनिट. 386 आणि 400 चा हिशोब वाचला. मग दादा, तुमच्या मंडळात पेटी आहे की नाही? बाजारातल्या पेटीचा गंधार 400 वरच असतो. तुमचे बुवा जन्मभर तिच्याबरोबर गायले. यंत्रानं 14 सेंट ढकललं तर संताप, पेटीनं ढकललं तर भक्ती? मी पेटीवाला आहे, मला राग येणार.

निवृत्त_निवेदक
काळीचार यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला 1971 उजाडलं. कारण हेच सांगायचे, ठरलेले स्वर, मींड नाही, श्रुती नाहीत. एकतीस वर्षांत पेटी मेली नाही. उलट आपल्याकडच्या प्रत्येक देवळात जाऊन बसली.

संपादनाचं म्हणाल तर तेही नवं नाही. आम्ही टेप ब्लेडनं कापायचो. सेकंदाला साडेसात इंच टेप पळायची. खोकला काढायचा म्हणजे रीळ हातानं मागं-पुढं करून कानानं जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलीची खूण करायची, तिरका छेद द्यायचा, पांढऱ्या पट्टीनं जोडायचं. तिरका का, तर जोड ऐकू येऊ नये म्हणून. आजचा क्रॉसफेड तोच. श्रोत्याला कधी कळलं नाही आणि कुणी अधर्म म्हटलं नाही.

धुमाळी
पेटीचं निघालंच आहे तर बोलतोच. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, नाथ पैठणचे. या कुणाच्या काळात पेटी होती? वीणा, टाळ, मृदंग. पेटीनं वारकरी चाल बिघडवली हे मी कुणासमोरही म्हणेन. आता प्रत्येक अभंगाला नाट्यगीताची चाल लागायली.

काळीचार
वारकऱ्याला वारकरीपण शिकवू नका. माझे वडील परभणीजवळच्या दिंडीत आयुष्यभर पेटी गळ्यात अडकवून चालले. उन्हात, पावसात. भाता फाटला तर वाटेत शिवला. ती पेटी नसती तर अर्ध्या दिंडीला सूर सापडला नसता. पखवाज्याला सूर लावून द्यावा लागत नाही म्हणून हे बोलणं सोपं आहे.

धुमाळी
पखवाज सुरात लावावा लागतो, हे तुम्हाला माहीत नसेल तर वाद कशाला घालायचा? धुम्यावर कणीक लावतो, शाईची पुडी गट्ट्यांनी चढवून षड्जाला आणतो. तुमची पेटी नेहमीच्या 440 हर्ट्झऐवजी 448 वर लावलेली असली तर मलाच तिच्यामागं चढायला लागतं.

लातूर_साऊंड
हे बरोबर बोललात. 448 चं दुखणं माझं रोजचं आहे. जुन्या पेट्यांची रीड 440 वर क्वचितच सापडते. 448 म्हणजे 31 सेंट वर. सॉफ्टवेअर 440 वर ठेवून आवाज ओढला की आवाज एकीकडं, पेटी दुसरीकडं, आणि गाणं आधीपेक्षा बेसूर. नव्या पोरांना हेच कळत नाही. आधी पेटीचा षड्ज मोजा, संदर्भ तिथं आणा, मग बाकीचं.

गोदाकाठ
काळीचार, राग नको. आमच्याकडं पेटी आहे आणि ती राहणार. पण फरक बघा. पेटी शेजारी वाजते, गळा तिच्या आजूबाजूला फिरायला मोकळा असतो. बुवा तान घेऊन उतरताना पेटीवाला हात उचलतो, तिथं गळा एकटाच असतो. ऑटोट्यून गळ्यातच शिरतो, त्याला हात उचलता येत नाही. डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केलीच ना? म्हणजे पेटीवाल्यालाही ही उणीव खुपली, त्यानं गळ्याला हात न लावता पेटी बदलली.

काळीचार
हात उचलायचं म्हणालात ते मान्य. चांगला साथीदार उचलतोच. पण भजनात तशी उसंत किती मिळते ते तुम्हीही जाणता. बाकी मुद्दा माझा कायम.

जात्यावरची
पेटी बाजूला ठेवा जरा. आमच्या अंबाजोगाईकडं आत्याच्या ओव्या आम्ही रेकॉर्ड केल्या. जात्यावर बसवून, खरोखर दळताना. ज्याच्याकडं फाईल दिली त्यानं नॉईज रिडक्शन मारून परत दिली. ऐकते तर जातंच नाही! सलग घरघर होती ना, सॉफ्टवेअरनं ती पंख्यासारखी गोंगाट समजून काढली. आणि निघाली ती नुसती घरघर नव्हे. ओवीच्या दुसऱ्या चरणानंतर आत्या थांबते, मूठभर ज्वारी घालते, जातं जड होतं, मग श्वास घेऊन तिसरी ओळ उचलते. आता त्या जागी नुसती पोकळी आहे, आणि आत्या मध्येच विसरली की काय असं वाटतं. वर आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी झाक. जनाबाईच्या गावच्या माणसाला जात्याचं काय सांगायचं, पण इथल्या ‘साफ करा, साफ करा’वाल्यांना सांगते. काय कचरा आणि काय गाणं हे त्या बटणाला कळत नाही.

नळदुर्गकर
ताई, हे वाचून मात्र गप्प झालो. ओव्यांना नको, ठीक. पण यूट्यूबवर चालणाऱ्या आराधी गाण्यांना पाहिजे, हे माझं म्हणणं सोडत नाही. आमच्या गावच्या मंडळाला नवरात्राच्या सुपाऱ्या चांगल्या व्हिडिओमुळंच मिळाल्या. त्यांच्या चुली त्यावर पेटतात. शुद्धतेच्या गप्पा मारायला पोट भरलेलं लागतं.

धुमाळी
पोटाचं तुम्ही आम्हाला सांगू नका. सुपारी मंडळाला मिळते, आणि मंडपात लोक येऊन म्हणतात, व्हिडिओत वेगळं वाटत होतं. समोर बसून ऐकणारा माणूस आमचा खरा मालक आहे. त्याच्यासमोर ऑटोट्यून कुठून आणायचं?

गोदाकाठ
पोटाचा मुद्दा मी टाळत नाही. एक करता येईल. सुपारीसाठी हवी तशी फाईल करा, पण मूळ रेकॉर्डिंग न पुसता मंडळाच्या हातात द्या. गावोगावच्या चाली एकेका बुवाच्या गळ्यातच आहेत. बुवा गेले की मागं फक्त ओढूनताणून बसवलेला सूर उरला, तर पुढच्या पोरानं चाल शिकायची कशावरून? यंत्रानं दिलेल्या स्वरांवरून?

लातूर_साऊंड
मूळ फाईल जपा म्हणणं सोपं आहे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आठ ट्रॅक, एक तास. साधारण 4 जीबी. वर्षभराच्या मंडळांचा हिशोब लावा आणि हार्ड डिस्क कोण घेऊन देणार ते सांगा. तरी बरं, यापुढं पेनड्राईव्ह घेऊन येईल त्याला कच्चे ट्रॅक फुकट देईन. धाग्यावर लिहिलंय म्हणजे शब्द झाला. पण सूर सरकवायचा की नाही हे गाणारा ठरवेल, गोदाकाठ ठरवणार नाहीत.

गोदाकाठ
गाणाऱ्याला आधी दोन्ही ऐकवा, मग ठरवू द्या. एवढी अट धरली तर माझा आक्षेप नाही.

जात्यावरची
लातूरवाले दादा, मूळ कार्ड पुसलं गेलंय. साफ केलेल्या फाईलमधून जातं परत येईल का?

लातूर_साऊंड
नाही ताई. गेलं ते गेलं, कुणी येतं म्हणालं तर पैसे देऊ नका. आत्या म्हणत असतील तर परत रेकॉर्ड करा. पंखा आणि फ्रीज बंद. एक माइक तोंडासमोर वीतभरावर, जरा बाजूनं, श्वासाचा फटका बसू नये म्हणून. दुसरा जात्याजवळ, पण खाली ठेवू नका, जमिनीची धडधड येते. स्टँडवर गुडघ्याएवढ्या उंचीला. दोघांचे ट्रॅक वेगळे. जातं फिरवायच्या आधी दहा सेकंद कुणी काही बोलू नका, नुसती खोली रेकॉर्ड होऊ द्या. गोंगाट काढायचाच असेल तर त्याचा नमुना त्या दहा सेकंदांतून घ्यायचा, म्हणजे जात्याला धक्का लागणार नाही. आणि सहा डेसिबलच्या वर काढू नका.