वजनासाठी पोटात बसवायचं साधन : बँड की बलून?

निशिगंध:
बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३६. जठर कापायची शस्त्रक्रिया नको आहे. एकदाच खर्च करता येईल एवढे पैसे साठवलेत, दर महिन्याचा खर्च झेपणार नाही. गॅस्ट्रिक बँड (जठराच्या वरच्या भागाभोवती आवळायचा पट्टा) घ्यावा की बलून (जठरात ठेवायचा फुगा)? आणि बसवल्यावर कंपनीच बंद पडली तर पुढे कोण बघणार? अनुभव सांगा.

उंबरठा:
बँडच्या वाटेला जाऊ नका. माझा सरकला, पाणीही उतरेना. दुसरं ऑपरेशन करून काढावा लागला.

मनमौजी:
सरळ वजन उतरवणारं इंजेक्शन घ्या. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, टिर्झेपेटाइडच्या सर्वात मोठ्या डोसला २० च्या आसपास. ही साधनं आता मागे पडली.

निशिगंध:
दर महिन्याचा खर्च नको असं वर लिहिलंय.

मनमौजी:
पण गुण येतो ना!

जुनाजाणता:
माझा बँड कित्येक वर्षं छान चाललाय. सावकाश चावून खायचं आणि कातडीखालच्या पोर्टमधून बँडमधलं सलाईन कमी-जास्त करून (म्हणजे बँड सैल-घट्ट करून) घ्यायला वेळेवर जायचं. लोक तेवढंही करत नाहीत आणि मग बँडला बोल लावतात.

उंबरठा:
मी प्रत्येक वेळी गेले होते. न विचारता निष्कर्ष काढू नका.

ताळेबंद:
कंपनीचा प्रश्न कुणी घेतलाच नाही, म्हणून लिहितो. व्हेगस नर्व्हला (मेंदू आणि पोट जोडणाऱ्या नसेला) विजेचे सिग्नल देऊन भूक कमी करणारं एन्टरोमेडिक्स कंपनीचं यंत्र एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) २०१५ मध्ये मंजूर केलं. चाचणीत जादा वजनापैकी सुमारे २४ टक्के उतरलं, पण नुसतं दिखाऊ यंत्र बसवलेल्यांचंही १६ टक्के उतरलं. काही वर्षांत विक्री थांबली. जेवल्यावर जठरातलं काही अन्न नळीने बाहेर काढणारं अ‍ॅस्पायरअसिस्ट २०१६ मध्ये मंजूर झालं, २०२२ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. लॅप-बँड या गॅस्ट्रिक बँडला एफडीएची मंजुरी २००१ ची. अ‍ॅलरगन कंपनीकडून २०१३ मध्ये अपोलो एंडोसर्जरीकडे (आपलं अपोलो हॉस्पिटल नव्हे) गेला, तिथून २०१८ मध्ये रीशेप कंपनीकडे. नवी इंजेक्शनं आल्यापासून या बाजाराची हवाच गेलीय.
बँड वर्षानुवर्षं आत राहणार. तो भरणारा, दुरुस्त करणारा डॉक्टर आणि सुटे भाग तोवर मिळायला हवेत. ऑर्बेरासारखा बलून सहा महिन्यांत बाहेर येतो, म्हणजे कंपनीच्या भवितव्यात तुम्ही तेवढेच अडकता. शिवाय ऑर्बेरा बनवणारी अपोलो २०२३ मध्ये बोस्टन सायंटिफिक या मोठ्या कंपनीने घेतली.

मनमौजी:
मग त्यांचे शेअर घ्यावेत का?

ताळेबंद:
वेगळा धागा काढा.

पारिजात:
बलून निरुपद्रवी समजू नका! एफडीएने २०१७ मध्ये इशारा दिला होता: द्रवाने भरलेला बलून आपोआप जास्त फुगू शकतो, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. २०१६ पासून जगभरात असे बलून असलेल्या १२ रुग्णांचे मृत्यू नोंदले गेल्याचं २०१८ च्या पत्रात आहे. पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बलून आहे तोवर आम्ल कमी करणारी गोळी चुकवू नका. माझ्या बहिणीला सुरुवातीला उलट्यांनी हैराण केलं, आणि काढल्यावर निम्मं वजन परत आलं.

सावरी:
वर कुणी सुचवलंय का माहीत नाही, पण इंजेक्शनचा विचार करा.

उंबरठा:
स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढायचं ऑपरेशन) करून मोकळ्या व्हा. माझं त्यानेच भागलं.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार. बलूनच घेते. सहा महिन्यांनी तो पोटात नसेल, हे मला पटलं. पोट फुगलं किंवा कळ आली तर रात्रीही कुणाला फोन करायचा, ते आधी लिहून घेणार आहे.

मनमौजी:
काढल्यावर वजन वाढलं की इंजेक्शनकडेच याल.