शब्दचर्चा : ध्रुवीयता, ध्रुवीकरण आणि 'हाताशी धरणे'

प्रश्न
विषाणू आणि टी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) यांच्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'सेल पोलॅरिटी'ला 'ध्रुवीकरण' लिहिलं, तर वाचणाऱ्याला मतदारांचं ध्रुवीकरण आठवलं. विषाणू या यंत्रणेला 'एक्स्प्लॉइट' करतो, तिथे 'शोषण' खटकतंय. काय लिहावं?

प्रतिसाद १
ध्रुवीकरण ही क्रिया, ध्रुवीयता हा गुण. रक्तात वाहणारी टी-पेशी गोल असते. ती सरकू लागली की तिला पुढचं टोक आणि मागे शेपटी येते. हे घडणं म्हणजे ध्रुवीकरण, घडल्यावर दिसते ती ध्रुवीयता. लेखात दोन्ही लागतील. एकदा कंसात 'शेंडा-बुडखा' लिहा, ऊस पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल.

'शोषण' मात्र नकोच. त्यात रस पिळून घेण्याचा भाव आहे, आणि इथे विषाणू पेशीच्या माणसांनाच फितवतो. मी 'हाताशी धरणे' लिहीन.

प्रतिसाद २
'हाताशी धरणे' इथे शब्दशः खरं आहे! टी-पेशींना लागण करणारा एचटीएलव्ही-१ हा विषाणू घ्या. त्याच्या टॅक्स प्रथिनाच्या शेवटच्या चार अमिनो आम्लांची मूठ पेशीच्या डीएलजी-१ या ध्रुवीयता-प्रथिनाच्या खोबणीत बसते. ही मूठ काढून टाकली तर विषाणूमुळे होणारी टी-पेशींची वाढ मंदावते. (डीएलजी म्हणजे 'डिस्क्स लार्ज', हे नाव फळमाशीवरून आलंय. हे जनुक बिघडलं की अळीतल्या चकत्या, म्हणजे ज्यांपासून पुढे माशीचे अवयव बनतात त्या, बेसुमार वाढतात. नावाचं भाषांतर करू नका.)

पुढचा भाग तर फार सुंदर आहे. मारेकरी टी-पेशी सावज ओळखलं की आपलं सूक्ष्मनलिकांचं केंद्र (पेशीच्या सांगाड्यातल्या बारीक नळ्या जिथून निघतात ती जागा) त्याच्याकडे वळवते आणि नेमकं तिथेच विष सोडते. एचटीएलव्ही-१ ची लागण झालेली पेशी निरोगी पेशीला चिकटली की तिचंही केंद्र तसंच वळतं, पण त्या बाजूने पलीकडे जातो तो विषाणूचा ऐवज. हे 2003 मध्ये दाखवलं गेलं. या विषाणूचे सुटे कण फारशी लागण करत नाहीत, त्याचा प्रसार मुख्यतः पेशीकडून पेशीकडे होतो. म्हणून आईच्या दुधातून, रक्तातून पसरताना त्याला जिवंत पेशीच लागतात. एचआयव्हीच्या बाबतीत नव्या कणांचं सामान सरकत्या टी-पेशीच्या शेपटीकडे गोळा होतं, त्यामुळे तिथे 'शेपटी' हाच शब्द ठेवा, 'मागचा ध्रुव' नको.

प्रश्नकर्ती
मग वाक्य असं करते : 'विषाणू पेशीची ध्रुवीयता राखणाऱ्या प्रथिनांना हाताशी धरतो आणि तिचं तोंड आपल्याला हवं तिकडे वळवतो.'

प्रतिसाद १
'तोंड' काढा. वळतं ते केंद्र.